कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची धूळ घरच्या घरी कशी काढायची? सोलापूरच्या फोटोग्राफरांचे नेहमीचे प्रश्न

मार्च सरला की दुपारचा वारा काळ्या मातीचा फुफाटा उचलतो, आणि पूर्वभागातल्या यंत्रमागांचे सुताचे तंतू तर बारा महिने हवेत असतात. मी इथे लग्नं आणि पक्षी, दोन्हींचे फोटो काढतो. गेली बरीच वर्षं स्वतःच्या आणि मित्रांच्या कॅमेऱ्यांचे सेन्सर (प्रतिमा टिपणारी आतली चिप) घरीच साफ करत आलो आहे. त्या मित्रांनी, आणि त्यांच्या ओळखीतून फोन करणाऱ्यांनी, जे विचारलं ते इथे एकत्र केलं आहे. कॅमेरा हा अनेकांच्या पोटाचा प्रश्न असतो, म्हणून जिथे हात आवरायला हवा तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

प्रत्येक फोटोत आकाशात एकाच जागी करडा ठिपका येतो. ही सेन्सरवरचीच धूळ का?

जागा बदलत नसेल तर बहुतेक करून हो. लेन्स बदलून बघा. दुसऱ्या लेन्सनेही ठिपका त्याच जागी आला तर तो सेन्सरवर आहे. लेन्सच्या काचेवरची धूळ अशी ठसठशीत दिसत नाही. ती फार झाली तर फोटो थोडा धूसर होतो, प्रकाश समोरून आला की चमक पसरते, पण एक ठिपका म्हणून उमटत नाही. म्हणून लेन्स घासघासून पुसण्यात अर्थ नसतो, उलट तिच्यावरचा लेप खराब होतो.

धुळीचा कण गोल, करडा आणि कडेला मऊ दिसतो. सुताचा तंतू वाकड्या रेघेसारखा दिसतो, आणि आपल्या गावात असे तंतू जरा जास्तच सापडतात. एकच बिंदू लाल, निळा किंवा पांढरा चमकत असेल, तोही रात्रीच्या लांब एक्स्पोजरमध्ये, तर ती धूळ नाही. तो हॉट पिक्सेल, म्हणजे सेन्सरमधलाच दोष आहे आणि कितीही पुसला तरी जाणार नाही.

लग्नाच्या फोटोंत डाग दिसत नाहीत, मग नान्नजला पक्षी टिपायला गेल्यावरच का दिसतात?

हे एकदा नीट समजलं की पुढचं सगळं सोपं जातं.

धूळ प्रत्यक्ष सेन्सरवर बसत नाही. सेन्सरच्या पुढे फिल्टरच्या काचेचा थर असतो, त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर ती बसते. फोटोत दिसते ती त्या कणाची सावली. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) मोठं उघडलेलं असलं की प्रकाश रुंद कोनातून येतो आणि सावली पसरून नाहीशी होते. अ‍ॅपर्चर लहान केलं की प्रकाश जवळजवळ सरळ येतो आणि सावली टोकदार होते.

ढोबळ हिशेब असा: कण आणि सेन्सर यांमधलं अंतर भागिले एफ क्रमांक (हा जितका मोठा तितकं छिद्र लहान), इतकी सावलीची कड पसरते. अंतर १ मिलिमीटर धरलं तर एफ २ ला कड अर्धा मिलिमीटर पसरते, आणि एफ २२ ला जेमतेम ०.०४५ मिलिमीटर. म्हणून मांडवात एफ २.८ ला काम करताना सेन्सर किती मळला आहे हे महिनोन्‌महिने कळत नाही. नान्नजच्या माळावर भोवत्या हा शिकारी पक्षी कोऱ्या निळ्या आकाशावर टिपायला जाता, उन्हामुळे एफ ११ पर्यंत जाता, आणि सगळी धूळ एकदम समोर येते.

आकाराचाही अंदाज घ्या. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ६ मायक्रॉनचा. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे एक केस डझनभर पिक्सेल झाकतो.

सेन्सर खरंच मळला आहे का, हे कसं तपासायचं?

कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा, एफ २२, आयएसओ १००. ऑटोफोकस बंद करा. स्वच्छ आकाश किंवा घरातली पांढरी भिंत घ्या. भिंत जवळची असेल तर फोकस अनंतावर ठेवा, म्हणजे भिंत पूर्ण अस्पष्ट येईल. एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) वाढवा. शटर उघडं असताना कॅमेरा हलवा, मुद्दाम हलवा. भिंतीवरचे रंगाचे ओघळ, पोपडे सगळे पुसट होतील आणि सेन्सरवरचे डाग मात्र तिथेच राहतील, कारण ते कॅमेऱ्याबरोबरच हलतात.

हा फोटो संगणकावर शंभर टक्के आकारात, कॉन्ट्रास्ट वाढवून, एका कोपऱ्यापासून सुरुवात करून पाहा. मोबाइलवर पाहून निर्णय घेऊ नका. आणि हा पहिला फोटो जपून ठेवा. सफाईनंतर तुलना करायला तोच लागतो.

एक धोका सांगतो. एफ २२ ला पूर्ण कोरा सेन्सर क्वचितच मिळतो. एफ ११ ला काही दिसत नसेल आणि तुम्ही कधी त्यापुढे जात नसाल, तर दोन-तीन फिकट ठिपक्यांसाठी सेन्सरला हात लावू नका.

फोटोत डाग वर डावीकडे आहे. सेन्सरवर नेमका कुठे शोधू?

लेन्स काढून, कॅमेरा सरळ धरून समोरून आत पाहिलं तर डाग खाली डावीकडे असेल. सेन्सरवर प्रतिमा उलटी पडते, म्हणून वरचं खाली होतं. डावं-उजवंही उलटतं, पण आपण समोरच्या बाजूने बघतो म्हणून ते परत जागेवर येतं.

सेन्सरला ओरखडा पडला तर कॅमेरा कायमचा गेला ना?

भीती रास्त आहे, पण थोडी वाढवून सांगितली जाते. तुम्ही पुसता ती फिल्टरची काच असते. ती बऱ्यापैकी कठीण असते. खरा धोका त्या काचेवरच्या लेपाला, आणि त्याहून मोठा धोका म्हणजे कण न काढता त्याच्यावरूनच पुसणं. आपल्या मातीत बारीक रेतीही असते. रेतीचा एक कण स्वॅबखाली (सेन्सर पुसायच्या कापडी टोकाच्या काडीखाली) सापडून काचेवर फिरला की रेघ ओढली गेलीच. म्हणून क्रम पाळायचा: आधी हवा, मग तपासणी, मग परत हवा, आणि तरीही राहिलं तरच ओली सफाई. माझ्याकडे आलेल्या बहुतेक कॅमेऱ्यांचं काम पहिल्या दोन पायऱ्यांतच संपलं आहे.

कॅमेऱ्यात आपोआप सफाई होते ना? मग हे सगळं कशाला?

ती उपयोगी आहे, चालू ठेवा. पहिल्यांदा ती ऑलिंपसच्या ई-१ या कॅमेऱ्यात २००३ साली आली. २००६ मध्ये कॅननने ४००डी मध्ये आपली पद्धत आणली आणि मग बाकीच्यांनीही. काच अतिशय वेगाने थरथरते आणि सुटे कण झटकले जातात. कॅमेरा टेबलावर नेहमीसारखा उभा ठेवून ही सफाई चालवा, म्हणजे कण खाली पडतात. पण परागकण, तेल, वाळलेला पाण्याचा थेंब, घट्ट चिकटलेला तंतू यांच्यावर तिचा इलाज चालत नाही.

घरात कुठे बसून करू?

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण आपल्याकडे निम्मं यश जागेवर असतं.

पहिली गोष्ट, टेबलावर चादर किंवा टॉवेल अंथरू नका. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, मला तिचा अभिमान आहे, पण या कामासाठी तिच्यासारखा अडथळा नाही. टॉवेलचा प्रत्येक फास लव सोडतो. टेबल ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या आणि उघड्या लाकडावर किंवा काचेवरच काम करा. अंगात लोकरीचा स्वेटर किंवा नवा सुती सदरा नको. हात कोपरापर्यंत धुवा.

पंखा बंद. कूलर तर आदल्या रात्रीपासूनच बंद. कूलर बाहेरची धूळ आत ओढतो, आणि आपल्या जड पाण्याचे बारीक थेंब हवेत सोडतो. ते वाळले की क्षाराचा डाग उरतो, तो कोरड्या हवेने निघत नाही.

मे महिन्यात ४२-४३ अंशांत पंखा बंद करून बसणं शक्य नाही. कपाळाचा घाम थेट कॅमेऱ्यात पडू शकतो. म्हणून उन्हाळ्यात पहाटे साडेपाच-सहाला करा. तेव्हा रस्त्यावर वर्दळ नसते, हवा स्थिर असते. दुपारच्या कोरड्या गरम हवेत आणखी एक अडचण असते: स्वॅबवरचं द्रव अर्ध्या वाटेतच उडून जातं आणि स्वॅब काचेवर अडखळतो. पावसाळ्यातली उघडीप मला सगळ्यात सोयीची वाटते. धूळ बसलेली असते आणि हवेत ओलावा असल्यामुळे स्थिर विद्युतभार कमी असतो.

बाथरूममध्ये शॉवर सोडून वाफ करा असा सल्ला तुम्ही ऐकला असेल. आपल्या नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा शॉवरची गरज नाही. बादलीभर गरम पाणी ठेवून दार लावा, पंधरा-वीस मिनिटांनी बादली बाहेर काढा, वाफ पूर्ण जिरू द्या, आणि मगच कॅमेरा आत न्या. वाफेबरोबर तरंगती धूळ खाली बसते. पाणी वाया जात नाही, त्यानेच फरशी पुसून घ्या.

ब्लोअर वापरायची बरोबर पद्धत कोणती?

रबरी, हाताने दाबायचा, मोठा ब्लोअर घ्या. गल्ल्यावर मिळणारा बोटाएवढा नको, त्यात जोर नसतो. हवा मागच्या झडपेतून आत घेणारा असेल तर उत्तम, कारण तोंडातून हवा घेणारा ब्लोअर नुकतीच उडवलेली धूळ परत आत ओढतो.

बॅटरी पूर्ण चार्ज करा. काम सुरू करण्यापूर्वी ब्लोअर आठ-दहा वेळा हवेत दाबा, त्याच्या पोटातली धूळ निघून जाऊ द्या. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर लेन्स काढून, आरसा खालीच असताना, आधी आरशाच्या कप्प्यात हवा मारा. हा टप्पा लोक विसरतात. कप्प्यात धूळ राहिली तर सेन्सर साफ करून उपयोग नाही, दुसऱ्या दिवशी तीच धूळ परत तिथे जाते.

मग मेनूमधून हाताने सेन्सर साफ करण्याचा पर्याय निवडा, म्हणजे आरसा वर जाऊन शटर उघडं राहील. कॅमेरा डोक्याच्या पातळीवर, तोंड जमिनीकडे करून धरा. ब्लोअरचं टोक माउंटच्या, म्हणजे लेन्स बसते त्या कड्याच्या आत नेऊ नका. हात घसरला तर टोक थेट काचेवर आदळतं. दहा-बारा जोरदार फुंकरी, कोन बदलत. कॅमेरा बंद करा, लेन्स लावा, चाचणीचा फोटो काढा. गरज पडली तर पुन्हा एकदा.

बल्ब मोडवर शटर उघडं धरून हे काम करणारे मी पाहिले आहेत. तसं करू नका. बटणावरचं बोट सुटलं की शटरची पाती मिटतात, आणि ती कागदाइतकी नाजूक असतात.

पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर किंवा कारखान्यातली हवेची नळी चालेल का? जोर चांगला असतो.

नाही. त्या हवेत तेलाचा अंश आणि पाणी असतं, आणि तो जोर शटरची पाती वाकवू शकतो. यंत्रमागावरची लव झटकायला ती नळी ठीक आहे.

डब्यातली दाबाची हवाही नको. डबा जरा तिरका झाला की आतलं द्रव फवारलं जातं आणि काचेवर गोठल्यासारखा डाग पडतो. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा एक सूक्ष्म थेंब पुरतो. इअरबड, चष्म्याचं फडकं, धोतराचं मऊ टोक, टिश्यू पेपर, व्हॅक्यूम क्लीनर: यांतलं काहीही नाही.

हवेने डाग गेला नाही. आता ओली सफाई कशी करू?

पहिल्यांदा करत असाल तर आधी सराव करा. लेन्सवर लावायचा जुना यूव्ही फिल्टर टेबलावर ठेवा, त्याच्यावर श्वास सोडून बोटाचा ठसा उमटवा आणि स्वॅबने एका ओढीत पुसा. रेघ न राहता पुसता येईपर्यंत करत राहा. दोन-तीन स्वॅब खर्ची पडतील, पडू द्या. हात बसणं महत्त्वाचं.

मग खरा कॅमेरा. ब्लोअरची पूर्ण फेरी आधी झालेलीच असली पाहिजे. कॅमेरा पाठीवर आडवा ठेवा, तोंड वर. टेबललॅम्प बाजूने तिरका लावा, तिरक्या उजेडात कण चमकतात. कपाळावर लावायचा दिवा असेल तर दोन्ही हात मोकळे राहतात.

स्वॅबच्या पाकिटाची कड फाडून तो दांड्याला धरून बाहेर काढा, टोकाला बोट लागू देऊ नका. टोकाच्या कडेवर द्रवाचे दोन थेंब, फार तर तीन. पाच-सहा सेकंद थांबा, द्रव कापडात पसरू द्या. स्वॅब एका टोकाला काचेच्या कडेशी टेकवा, ओढण्याच्या दिशेने थोडा कलता धरा आणि लांब बाजूने एकाच सलग, शांत ओढीत दुसऱ्या टोकापर्यंत न्या. मध्ये थांबू नका. तिथे स्वॅब उलटा करा, म्हणजे दुसरी स्वच्छ बाजू येईल, आणि परत या. झालं. स्वॅब टाकून द्या.

दाब किती? भाकरीवर लोण्याचा पातळ हात फिरवताना जितका देतो तितका. स्वॅबचं टोक किंचित वाकलेलं दिसलं पाहिजे, त्याहून जास्त नाही.

तोच स्वॅब पुन्हा वापरायचा मोह होतो, स्वॅब स्वस्त नसतात. पण त्याच्यावर आता तुम्ही काढलेला कण आहे. दुसऱ्या ओढीत तोच कण काचेवर फिरतो.

कोणतं द्रव? औषधाच्या दुकानातलं स्पिरिट चालेल?

नाही चालणार. त्यात पाणी आणि इतर घटक असतात, ते वाळले की पातळ पापुद्रा राहतो. सॅनिटायझर, लेन्स क्लीनर, अत्तर यांचंही तेच. सेन्सरसाठी म्हणूनच विकलं जाणारं द्रव घ्या. त्यांतली काही मेथॅनॉलची असतात, काही अल्कोहोल नसलेली. तुमच्या कॅमेऱ्याला कोणतं चालतं हे द्रवाच्या उत्पादकाच्या यादीत पाहूनच घ्या.

मेथॅनॉल विषारी आहे, पोटात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. ते पेटही घेतं. देवघरातली समई जवळ तेवत असताना बाटली उघडू नका. काम झालं की खिडकी उघडा. बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा कपाटात, कुलूप लावून.

स्वॅब कोणत्या मापाचा घेऊ?

सेन्सरच्या आखूड बाजूएवढा. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, त्याला २४ चा. निकॉन आणि सोनीचा एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६, कॅननचा २२.३ बाय १४.९, या दोन्हींना १६ च्या आसपासचा चालतो. मायक्रो फोर थर्ड्स १७.३ बाय १३ चा असतो. मोठा स्वॅब लहान सेन्सरमध्ये कोंबू नका, तो कडेच्या चौकटीतलं ग्रीस काचेवर ओढून आणतो.

पुसल्यानंतर डाग गेला पण रेघा उमटल्या!

घाबरू नका, द्रव जास्त झालं. नव्या स्वॅबवर एकच थेंब घेऊन पुन्हा एक फेरी करा. कडेला एक ओळ राहिली असेल तर ओढ कडेपर्यंत पोचली नव्हती. तिसऱ्या प्रयत्नातही तेच दिसलं तर त्या दिवसापुरतं थांबा. थकलेल्या हाताने चौथा स्वॅब उघडू नका.

सेन्सरचा ब्रश आणि चिकट जेलची काडी, यांचं काय?

ब्रश चांगला असतो, पण तो जपणाऱ्याच्या हातात. एकदा त्याचे केस आरशाच्या कप्प्यातल्या ग्रीसला लागले की पुढच्या प्रत्येक सफाईत तुम्ही ग्रीस सारवता. काही वर्षांपूर्वी मी एके ठिकाणी पैसे देऊन सेन्सर साफ करून घेतला, आणि घरी येऊन पाहिलं तर तीन ठिपक्यांऐवजी पूर्ण मध्यभागी तेलकट पट्टा होता. बहुधा तोच ब्रश आधी कितीतरी कॅमेऱ्यांत फिरला होता. तेव्हापासून मी स्वतः शिकलो.

जेलची काडी एकेक कण टिपायला छान, पण काही सेन्सरच्या लेपाला ती घट्ट चिकटते. आपल्या मॉडेलला चालते का हे उत्पादकाच्या यादीत पाहिल्याशिवाय वापरू नका.

कडा चमकणारे, मध्ये पारदर्शक असे ठिपके आहेत. ही कोणती धूळ?

ते तेल आहे. शटरच्या यंत्रणेतलं वंगण नव्या कॅमेऱ्यात कधी कधी उडतं. ब्लोअरने हलत नाही, ओली सफाईच लागते. निकॉनच्या २०१२ साली आलेल्या डी६०० मध्ये सेन्सरवर डाग साचण्याचा प्रकार इतका झाला की २०१३ मध्ये डी६१० आला, आणि २०१४ मध्ये कंपनीने डी६०० ची तपासणी, सफाई आणि शटर बदलणं वॉरंटी संपलेल्यांनाही मोफत करून दिलं. तेव्हा नव्या कॅमेऱ्यात पुन्हा पुन्हा तेल दिसत असेल तर स्वतः पुसत बसू नका, वॉरंटीत दाखवा.

सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत कॅमेऱ्याला कसं जपू?

संक्रांतीच्या वेळी होम मैदानावर जी धूळ असते ती वेगळी सांगायला नको. त्यात पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतले मानकरी आणि सात नंदीध्वज. पांढऱ्यावर डाग लपत नाही. एका वर्षी अक्षता सोहळ्याला मी भर दुपारी एफ १६ ला काम केलं, आणि संध्याकाळी पाहिलं तर प्रत्येक बाराबंदीवर तीच वाकडी काळी रेघ. मैदानात उभं राहून लेन्स बदलली होती, तेव्हाच तंतू आत गेला होता. सगळे फोटो एकेक करून दुरुस्त करावे लागले.

आता मी यात्रेत लेन्स बदलतच नाही. दोन बॉडी असतील तर दोन लेन्स घरूनच लावून निघा. एकच असेल तर त्या दिवशी एका झूमवर भागवा. आदल्या रात्री चाचणीचा फोटो काढा, नंदीध्वज निघण्याआधी नाही. लांब होणाऱ्या झूम लेन्स पंपासारख्या हवा आत ओढतात, तेव्हा गर्दीच्या धुळीत उगीच झूम मागे-पुढे करू नका.

मिरवणुकीत गुलाल आत गेला. वारीत बुक्का गेला. काय करू?

आधी फक्त हवा. तोंड खाली करून, भरपूर. गुलाल अतिशय बारीक असतो आणि ओल्या स्वॅबला लागला की रंग सोडतो, मग काचेवर गुलाबी थर बसतो. बुक्क्याचंही तसंच, शिवाय तो तेलकट असू शकतो. हवेने जेवढं निघेल तेवढं काढून चाचणी घ्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या. त्यानंतरच स्वॅब. आणि कॅमेऱ्याची बाहेरची बॉडी, माउंटचं कडं, लेन्सचं मागचं झाकण आधी साफ करा. नाहीतर अकलूजच्या रिंगणातली माती तुम्ही घरी आणून स्वतःच्या हाताने आत घालाल.

मिररलेसमध्ये काही वेगळं?

लेन्स काढली की सेन्सर समोर उघडा असतो. धूळ लवकर बसते, पण साफ करायलाही सोपं, आरसा मध्ये नाही. काही कॅमेरे बंद केल्यावर शटर मिटून घेतात. कॅननचा २०१८ चा ईओएस आर तसा होता. धुळीत ही सोय चांगली, मात्र मिटलेल्या शटरवर ब्लोअर जवळून मारू नका आणि बोट तर अजिबात नको.

बॉडीत स्टॅबिलायझर असेल तर सेन्सर किंचित हलतो. स्वॅब टेकवल्यावर तो सरकला तर दचकून दाब वाढवू नका. हलका हात ठेवा.

व्ह्यूफाइंडरमध्ये काळे ठिपके दिसतात, फोटोत नाहीत.

ती धूळ फोकसिंग स्क्रीनवर आहे, फोटोला तिचा काही उपद्रव नाही. सोडून द्या. स्क्रीन मऊ प्लॅस्टिकची असते, लगेच ओरखडते, आणि आरशाचा चमकणारा थर उघडा असतो. या दोन्हींना ब्लोअरपलीकडे काही लावायचं नाही.

घरी साफ केलं तर वॉरंटी जाते?

ब्लोअर वापरण्याने नाही, बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेतच तो सुचवलेला असतो. ओल्या सफाईत काच खराब झाली तर तो खर्च वॉरंटीत बसत नाही. नवा महागडा कॅमेरा असेल आणि हातात वेळ असेल तर वॉरंटीच्या काळात ओलं काम कंपनीकडेच द्या.

व्हिडिओत डाग जास्त का खुपतो?

कारण चित्र सरकतं आणि डाग तिथेच राहतो, डोळा त्याच्यावरच जातो. व्हिडिओत शटरचा वेग फार वाढवता येत नाही, म्हणून आपल्या उन्हात लोक एफ १६ वर जातात. एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काच) लावून एफ ४ ला राहा, निम्मे डाग दिसणारच नाहीत.

काढून झालेल्या फोटोंतले डाग?

लाइटरूम या फोटो दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये डाग शोधून दाखवणारा काळा-पांढरा देखावा आहे, तो लावून एका फोटोवरचे डाग दुरुस्त करा आणि तीच दुरुस्ती बाकीच्या फोटोंवर उतरवा. आकाश असेल तिथे हे सुरेख जमतं. चेहऱ्यावर, जरीच्या काठावर किंवा पाखराच्या पंखावर मात्र एकेक फोटो स्वतः बघावा लागतो.

बाहेर लेन्स बदलावीच लागली तर?

कॅमेरा बंद करा. वाऱ्याकडे पाठ करा, कॅमेऱ्याचं तोंड खाली. दुसऱ्या लेन्सचं मागचं झाकण आधीच सैल करून ठेवा. गाडी असेल तर काचा वर करून आणि गाडीचा पंखा बंद करून आत बसा. हिप्परग्याच्या तळ्यावर किंवा नान्नजला मी बॅगेच्या तोंडाआड बदलतो, पण ती बॅग आठवड्याला आतून ओल्या फडक्याने पुसलेली असते. काढलेलं बॉडीचं झाकण आणि लेन्सचं मागचं झाकण एकमेकांत फिरवून बसवा. सुटी झाकणं खिशात टाकली की खिशातली सगळी लव त्यांच्यात जमते, आणि रात्री ती झाकणं तुम्ही परत कॅमेऱ्यावर लावता.

किती दिवसांनी साफ करावं?

तारीख ठरवू नका. तुम्ही नेहमी वापरता त्या अ‍ॅपर्चरला डाग दिसला की करा. मी ब्लोअर महिन्यातून एकदा मारतो, ओली सफाई वर्षातून एकदा किंवा दोनदा, साधारण लग्नसराई संपल्यावर.

पुण्याला कंपनीकडे कधी पाठवायचा?

काचेवर ओरखडा वाटत असेल, लेप सोलल्यासारखा इंद्रधनुषी दिसत असेल, डाग काचेच्या आतल्या बाजूला असेल (तीन वेळा पुसूनही जागा, आकार काहीच बदललं नाही तर तसं समजा), शटरच्या पात्याला काही लागलं असेल, किंवा तुमचा हात थरथरत असेल तर. पुणे अडीचशे किलोमीटर आहे आणि सीझनमध्ये चार-पाच दिवस कॅमेऱ्याशिवाय राहणं परवडत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून दिवाळीनंतर तुळशीचं लग्न लागण्याआधी चाचणीचा फोटो काढा. तेव्हा डाग सापडला तर कॅमेरा पाठवून परत येईपर्यंत मुहूर्त सुरू झालेले नसतात.